कोणती बावन्न?

बंकटच्या घरात मेंढरं मोजायला बंदी होती. पैसे मोजा, भाकरी मोजा, सून माहेरी किती दिवस राहिली तेही बोटांवर मोजा, कुणाची ना नव्हती. पण वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, बसलेल्या मेंढरांवर बोट ठेवून कुणी एक, दोन, तीन म्हणायला लागलं, की म्हातारा असा खेकसायचा की बाजूला बांधलेली घोडीसुद्धा कान पाडायची. मोजलं की नजर लागते आणि नजर लागली की धन आटतं, हे त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं. तलवाड्याच्या शिवारात दुसरेही मेंढपाळ होते. ते खुशाल रोज संध्याकाळी मोजायचे आणि त्यांचं काही एक वाकडं झालेलं नव्हतं. पण हे बंकटला सांगणार कोण?

त्याच्या सुनेनं, संगीतानं, एकदा प्रयत्न केला होता आणि तो तिला चांगलाच महागात पडला. पाच वर्षांमागची गोष्ट. नवी नवरी, दहावी शिकलेली, अंगात उत्साह मावत नव्हता. सासऱ्याला तेवढीच मदत, म्हणून एका संध्याकाळी ती वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली आणि एकेक मेंढरू आत शिरताना बोट दाखवत मोठ्यानं मोजलं. ब्याण्णव भरली. त्याच रात्री लांडग्यानं दोन उचलली. आता लांडगा काय हिचे आकडे ऐकून आला होता? पण झालं ना! सारजाबाईनं, सासूनं, घरोघरी जाऊन सांगितलं, "आमच्या सुनेनं मोजलं आन् लांडगा आला." संगीता महिनाभर मान खाली घालून फिरली. पुढं तिनं मेंढरावर बोट म्हणून ठेवलं नाही.

मनात मात्र ते सलत राहिलं. मोजायचंच नाही, तर घरात किती आलं आणि घरातून किती गेलं, हे कळायचं कसं? बंकटला त्याची गरजच वाटत नव्हती. त्याला प्रत्येक मेंढी नावानं ठाऊक. बांडी, झिपरी, काळतोंडी, भुरी, आखूडकानी, ठुमकी. संध्याकाळी मेंढरं आत शिरताना तो काठीवर हनुवटी टेकून नुसता बघत उभा राहायचा आणि मधेच म्हणायचा, "टिकली कुठाय बे, लखन?" लखन म्हणजे त्याचा मुलगा, संगीताचा नवरा. लखन उठून जायचा आणि टिकली कुठल्या तरी बोरीच्या काट्यात लोकर अडकून उभी असलेली सापडायची. म्हातारा एकदासुद्धा चुकला नाही, हे संगीतालाही कबूल होतं.

ती सासरी आली त्याच्या पुढच्याच वर्षी नणंदेचं, वनमालाचं, लग्न निघालं. पोरगी सिरसाळ्याला दिली. स्थळ चांगलं, पण मांडव, जेवणावळ, भांडीकुंडी, अंगावर दोन तोळे. पैसे कमी पडले. तेव्हा त्रिंबकशेठ मदतीला धावून आला. त्रिंबक मेंढरांचा व्यापारी, दहा वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या तळांवर, त्याचं येणंजाणं. त्यानं दोन लाखांची उचल दिली आणि व्याज नको म्हणाला. अट एकच. उचल फिटेपर्यंत विकायची ती सगळी कोकरं त्यालाच द्यायची, एका कोकराला चार हजार. त्यातले दोन हजार उचलीत वळते, दोन हजार हातात. बाजारात तसलं कोकरू साडेसहा-सातला जात होतं, पण ते कोण बघतो? बिनव्याजी पैसे देणारा त्रिंबक म्हणजे देवमाणूस, असं बंकट पारावर बसून सांगायचा.

वर्षातून दोनदा त्रिंबकची गाडी यायची. तो स्वतः हातानं कोकरं निवडायचा आणि गाडीत टाकायचा. घरातलं कुणी मोजायचं नाही, म्हातारा तर आकडे सुरू झाले की तोंड फिरवून उभा राहायचा. मोजायचा तो एकटा त्रिंबक. तो वहीत काय ते लिहायचा आणि लखनच्या हातात नोटा ठेवायचा. लखन थुंकी लावून नोटा मोजून घ्यायचा आणि नोटा त्रिंबक म्हणेल तेवढ्या बरोबर भरायच्या. कोकरं किती गेली, हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. यावर हसावं का रडावं, तुम्हीच सांगा!

गाडी गेली की दोन दिवस मेंढ्या ओरडायच्या. बंकट वाघरीत जाऊन बसायचा आणि एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत बोलायचा. "भुरे, तुझी जुळी गेली गं. ठुमके, तुझं काळ्या पट्ट्याचं गेलं. गप, माय, गप." संगीता चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची.

यंदाच्या फाल्गुनात तर चांदीचं कोकरू गेलं. चांदी ही संगीताची स्वतःची मेंढी. लग्नात वडिलांनी आंदण दिलेली, पांढरीशुभ्र, डाव्या कानाला खाच असलेली. चांदीच्या पोटच्या मेंढ्या आता दहा झाल्या होत्या आणि रिवाजाप्रमाणं त्या सगळ्या संगीताच्या. पण उचल घराची, म्हणून त्यांचीही कोकरं गाडीत जात होती. चांदी तीन दिवस जाळीला तोंड लावून उभी राहिली. चौथ्या दिवशी पाडवा होता. संगीतानं गुढी उभारली, नवऱ्याच्या ताटात पुरणपोळी वाढली आणि समोर बसून विचारलं,

"आवं, त्रिंबकशेठचं किती ऱ्हायलं?"

"कावून विचारायलीस? देतोय की."

"किती दिलं?"

"लई दिलं."

"लई म्हंजे किती?"

"आगं, लई म्हंजे लई! आता लईला काय माप आसतंय व्हय?"

"मंग लावा फोन."

लखननं पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून फोन लावला. पलीकडून त्रिंबकचा मोठा, हसरा आवाज आला. "साठ कोकरं झाली, बे. ऐंशी हजार ऱ्हायले. घाई कशाला करायलास? मी कधी मागितले का?"

फोन ठेवल्यावर संगीतानं बोटांवर हिशेब केला. ऐंशी हजार म्हणजे अजून चाळीस कोकरं. एकामागं बाजारभावात अडीच-तीन हजारांचा फटका. "म्हंजे ऐंशी हजार फेडायला आपुन वरनं लाखभर घालायलोत," ती म्हणाली, "आन् त्यो म्हणतोय याज न्हाई!" लखनचं तोंड चालायचं थांबलं. माणूस आळशी नव्हता, बुद्धूही नव्हता, फक्त बापानं घालून दिलेल्या वाटेनं डोळे मिटून चालत होता. त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "मंग?"

"मंग दसऱ्यापर्यंत ऐंशी हजार रोख जमवायचे आन् त्याच्या हातावर ठिवायचे. तवर एक कोकरू द्यायचं न्हाई. कोकरं आपली, बाजार आपला."

"आन् ऐंशी हजार आणायचे कुठनं?"

"तुमच्या बुडाखालनं," संगीता म्हणाली.

लखनच्या बुडाखाली फटफटी होती. हप्त्यावर घेतलेली, शेवटचा हप्ता संक्रांतीला फेडलेला, रोज पुसून चकाचक ठेवलेली. दोन दिवस गडी बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेवराईला गेला आणि दुपारी एसटीनं परत आला. चौतीस हजार संगीताच्या पदरात टाकले. "मेंढरामागं हिंडणाऱ्याला पाय दिलेत की देवानं," एवढंच म्हणाला. संगीताला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण सासरा समोर बसला होता. मग तिनं चहात दोन चमचे साखर जास्त टाकली.

दोघांनी मिळून गावच्या बँकेत दोघांच्या नावानं खातं उघडलं. सरकारचे महिन्याचे दीड हजार संगीतानं त्याच खात्यात फिरवून घेतले. उन्हाळ्यात शेतकरी खतासाठी आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतात. बंकट त्या बदल्यात आजवर पायलीभर ज्वारी, चहा आणि तंबाखूची चंची यावर खूश असायचा. आता ठरवाठरवीला लखन पुढं झाला. एका रात्रीचे पाचशे, रोख. "बंकटबा तर कधी पैसं मागत नव्हते," असं कुणी म्हणालं की तो गोड हसून सांगायचा, "ते बंकटबा व्हते. मला बायको हाय." लोक हसायचे आणि पैसे द्यायचे. किराणा दुकानाची जुनी बाकी आधी फेडून टाकली, मोबाईलचा हप्ता संपवला. लखननं गुटख्याच्या पुड्या सोडल्या. पहिले आठ दिवस घोडीवरही चिडचिड केली, मग निवळला.

खरं सांगायचं तर त्याला चटक लागली. दर बाजारी तलवाड्याला जायचं, पैसे भरायचे, पासबुकावर शिक्का घ्यायचा. आकडा वाढताना बघून माणसाच्या चालीत फरक पडतो, तो लखनच्या चालीत पडला. त्यांची लेक अंगणवाडीत होती आणि गावात आजीपाशी, सारजाबाईपाशी, राहायची. तिला मांडीवर घेऊन तो पासबुक वाचून दाखवायचा. संगीता म्हणायची, "नजर लागंल." तो म्हणायचा, "लागू दे की, बँकेत लांडगा येत न्हाई."

पोळ्याला त्रिंबकचा फोन आला, तेव्हा लखननं "दसऱ्याला या" म्हणून त्याला थोपवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खात्यातून ऐंशी हजार काढले. चारशे रुपये मागं राहिले.

दसऱ्याला बिऱ्हाड रामहरीच्या रानात होतं. रामहरी म्हणजे तलवाड्याचा शेतकरी. त्याचं मुगाचं रान रिकामं झालं होतं, म्हणून त्यानं मेंढरं बसवून घेतली होती. सकाळी तो चहाची किटली आणि आपट्याची भलीमोठी फांदी घेऊन आला. दहाच्या सुमाराला त्रिंबकची गाडी बांधावर थांबली. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, मागं ड्रायव्हर.

"सोनं घ्या, बंकटबा!" त्यानं म्हाताऱ्याच्या हातात आपट्याचं पान दिलं. "सोनं घे रे लखन. बोला, कशाला बोलावलं?"

संगीतानं घोंगडीवर पिशवी ठेवली. लखननं पाचशेच्या नोटांची चवड काढून समोर मांडली. "ऐंशी हजार, शेठ. मोजून घ्या. उचल फिटली."

त्रिंबकच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथं राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. संगीता त्याच्याकडंच बघत होती. पैसे परत मिळत असताना या माणसाला आनंद होत नाही, हे तिनं बरोबर टिपलं. व्हावा तरी कसा? पैशापेक्षा चार हजारांचं कोकरू त्याला प्यारं होतं. त्यानं खिशातून वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली.

"फोनवर मी अंदाजानं बोललो व्हतो, बे. वहीत बघितलं पायजे ना." त्यानं बोट फिरवलं. "हे बघ. बावन्न. बावन्न कोकरं झालीत. म्हंजे ऱ्हायले शहाण्णव हजार. सोळा कमी हायेत."

"शेठ, तुमीच साठ म्हणालता!" लखन उठून उभा राहिला.

"वही काय खोटं बोलती का? का तुमच्याकडं दुसरी वही हाय?" त्रिंबकला चांगलं ठाऊक होतं की नाही. मग त्यानं आवाज मऊ केला. "जाऊ दे, सणाच्या दिशी वाद नको. सोळा हजाराच्या चार गाभण मेंढ्या देऊन टाका. मीबी मोकळा, तुमीबी मोकळे." आणि जाळीपाशी जाऊन बोट दाखवायला लागला. "ही काळी. ही बांडी. ती कोपऱ्यातली. आन् ही पांढरी."

पांढरी म्हणजे चांदी. पोट खाली आलेलं, आज-उद्या विणार अशी. बाजारात अशा मेंढीला कुणीही बारा हजार मोजले असते. ड्रायव्हर जाळीवरून आत उतरला आणि त्यानं चांदीचा मागचा पाय धरला.

"सोड तिला!" संगीता इतक्या जोरात ओरडली की ड्रायव्हरनं खरोखरच पाय सोडला.  सहा महिने पै-पै जमवायची, नवऱ्याला पायी हिंडवायचं आणि शेवटी यानं वही उघडून बावन्न म्हणायचं? ती त्रिंबकच्या समोर जाऊन उभी राहिली.

"कोणती बावन्न?"

"आँ?"

"कोणती बावन्न नेली म्हणते मी. नावं सांगा."

त्रिंबक हसायला लागला. "आता कोकरांना काय नावं आसतेत, पोरी?"

"आसतेत की."

हे बंकट बोलला. आकड्यांची बोलणी सुरू झाल्यापासून तो नेहमीसारखा पाठ करून लिंबाखाली बसला होता. आता तो वळला, काठी टेकत उठला आणि सावकाश घोंगडीपाशी येऊन बसला. "कोकराचं नाव आईवरनं आसतंय. आमच्या आया मला ठाव हायेत. सांगू का?"

संगीतानं पिशवीत राहिलेली लेकीची चित्र काढायची वही घेतली. पेन उघडलं आणि थांबली. तिला एकदम पाच वर्षांमागची ती संध्याकाळ आठवली. "मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी लिवून घेते. पण मंग मोजावं लागंल."

 म्हाताऱ्यानं वळून जाळीकडं पाहिलं.

"ती गेलेली हायेत, पोरी," तो म्हणाला. "गेलेल्यांना कशाची नजर? मोज."

आणि तो सुरू झाला. डोळे मिटलेले, मान किंचित हलतेय. "वनीच्या लग्नानंतरची पैली खेप. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. बांडीचं एक. झिपरीचं नर. काळतोंडीची दोन. आखूडकानीचं एक, त्याच्या डोळ्यावर ठिपका व्हता. फेंगडीचं एक..." संगीता लिहीत गेली. लखननं रामहरीची आपट्याची फांदी ओढली आणि एका कोकराला एक पान तोडून घोंगडीवर ठेवायला लागला. रामहरी चहा ओतायचा विसरून बघत बसला.

"वाटंल ती नावं घेतोय म्हातारा!" त्रिंबक ओरडला. "ह्याला काय पुरावा?"

बंकटनं डोळेही उघडले नाहीत. "तिसरी खेप. त्या टायमाला तुझी गाडी मिस्त्रीकडं व्हती. तू तीनचाकी घिऊन आलतास. टिकलीचं एक, ठुमकीचं काळ्या पट्ट्याचं, सोनीची दोन... आन् भुरीची जुळी मागं मावली न्हाईत, म्हणून तू पुढं डायवरच्या पायाशी कोंबली."

"व्हय, त्या दिशी लई दाटी झालती, दोन तर—" त्रिंबक बोलून गेला आणि गप्प झाला. पण उशीर झाला होता.

"बघू वही," रामहरी म्हणाला आणि त्यानं त्रिंबकच्या हातातून वही सरळ काढूनच घेतली. "तिसरी खेप. हितं पाच लिवलंय, शेठ. पाच कोकरांनी तीनचाकी भरती व्हय? मला तर वाटतं, पाचात तुमीबी मागं बसून गेला आसता!"

ड्रायव्हरसुद्धा हसला. त्रिंबकनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गाडीकडं निघून गेला.

बंकट थांबला नाही. सहावी खेप, सातवी, आठवी. कुठलं कोकरू लंगडत होतं, कुठल्याला हगवण लागली होती, कुठलं गाडीतून उडी मारून परत आईकडं पळालं होतं. शेवटी तो म्हणाला, "ह्या फाल्गुनात. झिपरीचं. आन् चांदीचं पांढरं. बस." आणि त्याचे डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. इतकी वर्षं हा माणूस हे सगळं छातीत घेऊन फिरत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता, या विचारानं संगीतालाही भरून आलं. मोजायचं नाही, हा त्याचा हट्ट चुकीचा होता, हे ती आजही म्हणाली असती. पण विसरायचं नाही, हा त्याचा दुसरा हट्ट पहिल्याइतकाच जुना होता आणि आज तोच कामाला आला होता.

लखननं पानं मोजली. संगीतानं वहीत लिहिलेली कोकरं मोजली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एकदम म्हणाले, "सत्याऐंशी."

"आता ऐका, शेठ," संगीता म्हणाली.  "साठ तुमी तुमच्या तोंडानं फोनवर कबूल केली. साठाचे पैसे आमच्या हातात आले, ते आमी कबूल करतो. कुणाचं बुडवायचं न्हाई आमाला. वर ऱ्हायली सत्तावीस. चार हजारानं एक लाख आठ हजार. त्यातनं तुमची ऐंशी हजार उचल वळती करा. अठ्ठावीस हजार आमचे तुमच्याकडं निघतेत."

"काय याडबिड लागलंय का? ह्या पानांच्या ढिगाऱ्यावर मी पैसे देऊ?"

"नको देऊ," बंकट शांतपणे म्हणाला. "बिरोबाच्या जत्रंला धा वाड्यांची माणसं जमतेत. तुझा धंदा त्याच धा वाड्यांवर हाय न्हवं? तिथं बसून मी ही नावं परत म्हणतो. मंग समदेच आपापली आठवतील."

एवढं पुरलं. त्रिंबक काही साधासुधा गडी नव्हता, पण धंदा त्याला कळत होता. अठ्ठावीस हजार वाचवायला गेलो तर दहा वाडे हातचे जातील, हा हिशेब त्यानं उभ्या-उभ्याच केला. "बघण्यात चूक झाली आसंल माझ्याकडनं," तो कुणाकडंही न बघता पुटपुटला. खिशातून आठ हजार काढून घोंगडीवर ठेवले. उरलेले वीस त्यानं मोबाईलवरून खात्यात टाकले आणि लखनच्या फोनमधल्या बाईनं पैसे आल्याचं खणखणीत आवाजात सांगितलं. रामहरीनं वहीतलं या उचलीचं पान त्रिंबकच्याच हातानं फाडायला लावलं. जाताना त्रिंबक म्हणाला, "पुढली कोकरं तर मलाच द्याल ना? भाव वाढवतो."

"या की," लखन म्हणाला. "काटा घिऊन या. वजनावर देऊ."

गाडी बांधावरून वळली आणि लखननं अशी आरोळी ठोकली की मेंढरं बुजून एका कोपऱ्यात जमली. मग तो घोंगडीवर बसला. समोर त्यांचे ऐंशी हजार तसेच पडले होते. फेडायला आणलेले पैसे फेडायचेच राहिले नव्हते.

"संगे," तो म्हणाला, "हे ऐंशी, वरचे अठ्ठावीस. एक लाख आठ हजार. आपले? आपले म्हंजे आपलेच?"

"आन् खात्यात चारशे हायेत, ते इसरू नका."

"मंग फटफटी..."

"आधी सगळे दोघांच्या नावानं मुदतीत टाकायचे. फटफटी कोकराच्या पैशातनं. तीबी जुनी." ती हसत होती. "आन् पायी चालून तुमचं पोट किती कमी झालंय, बघितलं का?"

रामहरीनं गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि सगळे प्याले.

संध्याकाळी लखन मेंढरं चारून परत आला. चांदी दिवसभर वाघरीतच होती आणि बंकट तिच्यापाशी बसून होता, त्यामुळं आज तो दारात काठी टेकून उभा नव्हता. संगीतानं जाळी उघडली. पहिली मेंढी आत शिरणार, एवढ्यात आतून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"संगीता, मोज."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मामा?"

"मोज म्हणलं. बोट ठिवून मोज. मोठ्यानं. किती हायेत ते ऐकू दे मला."

"मामा, पुना लांडगा आला म्हंजे?"

"आला तर लखन हाय की बॅटरी घिऊन. पाच वर्सं तुला उगा बोल लावला, पोरी. लांडगा जाळी तुटली व्हती म्हणून आला व्हता. जाळी मी बांधली व्हती." तो खाकरला. "मोज."

संगीताच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, पण तिनं बोट पुढं केलं. एक. दोन. तीन. आवाज सुरुवातीला कापला, वीसनंतर सरळ झाला, पन्नासला तर रामहरीच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे त्याच्या शेतातल्या घरापर्यंत, ऐकू गेला असेल. लखन मागं उभा राहून ओठ हलवत होता. शंभर झाले तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपीच काढली. शेवटचं मेंढरू आत गेलं. संगीतानं आत बसलेल्या चांदीवर बोट ठेवलं आणि जाळी लावली.

"एकशे एकोणतीस, मामा."

 बंकटनं मांडीवरची घोंगडी बाजूला केली. आत ओलं, पांढरं, अजून पायांवर नीट उभं न राहिलेलं कोकरू होतं. डाव्या कानाला अजून खाच पाडलेली नव्हती.

"आन् हे कोण मोजायचं?" तो म्हणाला. "नीट मोज की, पोरी."

"एकशे तीस," संगीता म्हणाली.